बॅटरी मेली, की आपण मारली?

डिसेंबरातली गोष्ट. पहाटेचे पाच वाजले असावेत. भोसरीतील आमच्या खोलीच्या खिडकीखाली "कट्-कट्-कट्" असा आवाज सुरू झाला. हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो पुन्हा विसरत नाही. शेजारच्या अण्णांच्या इंडिकाचा सेल्फ लागत नव्हता. अण्णा या गाडीने चार कामगारांना चाकणच्या पहिल्या शिफ्टला नेतात आणि आणतात. चौघेही स्वेटर-मफलर घालून बाजूला उभे. आम्ही बनियनवर शाल गुंडाळून खाली उतरलो आणि सहाजणांनी मिळून धक्का मारला. तिसऱ्या धक्क्याला गाडी सुरू झाली. पण मोशीच्या पुढे वाहनांची रांग लागली आणि गेटवर पोहोचायला पंचवीस मिनिटे उशीर झाला. चौघांपैकी तिघांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. चौथा कायम कामगार होता, तो वाचला. ठेक्यावरच्या माणसाला पंचवीस मिनिटे किती महाग पडतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

त्याच दुपारी अण्णा बॅटरीच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने बॅटरीवर दोन टोकांचे एक यंत्र दाबले, काटा खाली पडलेला दाखविला आणि म्हणाला, "काका, बॅटरी गेली." नवी बॅटरी ५,८०० रुपयांना पडली, तीही जुनी देऊन. हे पैसे वहिनींच्या भिशीचे होते. थोरल्या मुलीच्या क्लासची फी त्यातून भरायची होती. वहिनींनी काही न बोलता पैसे काढून दिले. फी दोन हप्त्यांत भरायची असे ठरले.

मार्चमध्ये पुन्हा तोच आवाज! नवी बॅटरी, जेमतेम तीन महिन्यांची. अण्णा वॉरंटीचे कार्ड घेऊन धावले. दुकानदाराने बॅटरी एक दिवस ठेवून घेतली, चार्ज केली आणि परत दिली. म्हणाला, "बॅटरी ठणठणीत आहे, गाडी दाखवा कोणाला तरी." हे वाक्य त्याने डिसेंबरातच उच्चारले असते तर!

आकुर्डीच्या बाजूला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांच्याकडे आम्ही अण्णांसोबत गेलो. त्यांनी बॅटरीला हातही लावला नाही. आधी चावी फिरवली आणि मीटरच्या जागी पाहिले. चावी फिरवताच तेथे बॅटरीच्या चित्राचा एक लाल दिवा पेटायला हवा आणि इंजिन सुरू झाले की तो विझायला हवा. अण्णांच्या गाडीत तो पेटलाच नाही. "हा कधीपासून बंद आहे?" असे त्यांनी विचारले. अण्णांना सांगता येईना. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हापासूनच तो बंद असावा. मग त्यांनी इंजिन सुरू करून बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. आकडा आला १२.१. इंजिन चालू असताना तो १४ च्या आसपास हवा होता. याचा अर्थ असा की, आपण ज्याला डायनामो म्हणतो तो अल्टरनेटर बॅटरीत काहीच भरत नव्हता. त्यांनी अल्टरनेटरचा पट्टा बोटाने दाबला. पट्टा ढिला आणि आतून काचेसारखा गुळगुळीत. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी अर्धी कुजलेली. नवा पट्टा, नवी अर्थिंग, दिव्याचा बल्ब आणि मजुरी मिळून ९५० रुपये झाले. गाडीचा सेल्फ त्यानंतर आजपर्यंत एकदाही अडला नाही.

म्हणजे डिसेंबरात दुकानात दिलेली जुनी बॅटरी बहुधा चांगली होती. ती उपाशी होती, मेलेली नव्हती. उपाशी बॅटरीवर भार टाकून पाहिला तर काटा खाली पडणारच. खरी तपासणी करायची तर बॅटरी आधी हळूहळू आठ-दहा तास पूर्ण चार्ज करायची, थोडा वेळ ठेवायची आणि मग भार टाकायचा. त्यानंतरही काटा पडला तर ती गेली असे समजावे. या चार्जिंगला शे-दीडशे रुपये लागतात. वहिनींचे ५,८०० रुपये त्या शे-दीडशे रुपयांवाचून गेले.

हा सगळा प्रपंच लिहिण्याचे कारण असे की, आपल्या वस्त्यांमध्ये आता घरोघरी नसले तरी गल्लोगल्ली चारचाकी वाहन आहे. कोणी रिक्षा चालवितो, कोणी शाळेची व्हॅन, कोणी छोटा हत्ती टेम्पो, तर कोणी कंपनीची माणसे ने-आण करतो. बहुतेक वाहने कर्जाची आणि बरीच जुनी घेतलेली. इंजिनाकडे सर्वांचे लक्ष असते. ऑईल बदलतात, टायर बघतात. बॅटरीचा ठोकळा मात्र "चालतोय तोवर चालू दे" या वर्गात. आणि तो बंद पडला की कोणीही सांगेल ती किंमत आपण मोजतो.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. त्यामुळे आम्हाला बॅटरी समजली ती पासबुकासारखी. बॅटरी हे खाते. सेल्फ, हेडलाईट, हॉर्न, गाणी हा खर्च. अल्टरनेटर भरणा करतो. भरणा थांबला तर खाते रिकामे होते आणि त्याचा दोष खात्याला देता येत नाही. या पासबुकातील शिल्लक पाहायची सोय आहे. बाजारात तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांना तो लावावा. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दिसले तर खाते भरलेले आहे. १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धे आणि १२ च्या खाली गेले की जवळजवळ रिकामे. गंमत पाहा, १२.६ आणि १२ यांत फरक अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर, पण त्यातच सगळा संसार. साध्या माणसाला वाटते की १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवते म्हणजे उत्तम आहे. तसे नाही. आत सहा खाने असतात, प्रत्येकाचे २.१ व्होल्टच्या आसपास. सहांचे मिळून साडेबाराच्या वर यायला हवेत.

मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर भरणा नीट आहे. १३ च्या खाली राहिले तर पट्टा, अर्थिंग, अल्टरनेटर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. १५ च्या वर गेले तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि बॅटरी आतून उकळते. पाणी वारंवार कमी होत असेल तर संशय येथेच घ्यावा. अगदी नव्या काही गाड्यांत संगणक स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, तेथे आकडा खाली-वर झाला तर लगेच घाबरू नये. जुन्या गाड्यांना मात्र हा हिशेब चोख लागू आहे.

आणि तो लाल दिवा! वीस-तीस रुपयांचा बल्ब. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला कामाला लावणारा सुरुवातीचा थोडासा विद्युतप्रवाह याच दिव्यातून जातो. दिवा उडाला तर सूचना तर मिळत नाहीच, उलट काही गाड्यांत कमी वेगावर चार्जिंगच सुरू होत नाही. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा चावी फिरवून हा दिवा पेटतो का, एवढे नक्की पाहा. काही विकणारे चार्जिंगचा दोष लपविण्यासाठी बल्बच काढून ठेवतात, असे आमच्या आकुर्डीच्या मिस्त्रींनी सांगितले.

आता बॅटरी आतून कशी बिघडते ते पाहू. ही शिसे आणि गंधकाच्या आम्लाची बॅटरी १८५९ साली गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधली. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल्फ बसला, त्यापूर्वी लोखंडी दांडा फिरवून इंजिन सुरू करावे लागे. आपल्याकडे बजाजच्या जुन्या रिक्षांना हाताने ओढायचा दांडा होता, तो आमच्या पिढीने पाहिला आहे. रिक्षावाल्याचा खांदा त्याने दुखायचा, पण बॅटरीवाचून त्याचे अडत नसे. प्लांतेच्या बॅटरीचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज खर्च होते तेव्हा आतील पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्ज केली तर ते विरघळून जाते. तशीच रिकामी ठेवली तर त्याचे कठीण खडे बनतात, आणि ते मग सहजासहजी निघत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणजे बॅटरी रिकामी होणे हा आजार, आणि ती रिकामीच पडू देणे हे विष.

येथे आम्हाला आमचीच एक चूक कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या रात्री आमच्या मंडळाने जनरेटरचे भाडे वाचविण्यासाठी एका कार्यकर्त्याच्या टेम्पोच्या बॅटरीवर अॅम्प्लिफायर आणि चार ट्यूब चालविल्या. रात्री आठ ते बारा. साधारण ८ अँपियर धरले तर चार तासांत ३२ अँपियर-तास खर्च झाले. त्याची बॅटरी होती ६० अँपियर-तासांची, म्हणजे अर्धे खाते एका रात्रीत साफ. १५ तारखेला बिचाऱ्याने गाडी धक्का मारून सुरू केली, गल्लीच्या टोकाला नेऊन लावली आणि थकून दोन दिवस झोपला. बॅटरी त्याच अवस्थेत पडून राहिली. पुढच्या वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहाराला जातानाही तसेच केले. त्या बॅटरीने दोन वर्षेही काढली नाहीत. मंडळाचे जनरेटरचे भाडे वाचले, ते त्या एका कुटुंबाच्या खिशातून गेले. गाडीच्या बॅटरीच्या आतील पट्ट्या पातळ असतात. सेल्फला क्षणभर शंभर-दोनशे अँपियर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचे, यासाठी ती बनविलेली असते. तासन्तास थोडे थोडे देत राहायचे काम इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीचे. तिच्या पट्ट्या जाड असतात. आता आमचे मंडळ ट्यूब्युलर बॅटरी भाड्याने आणते. त्या कार्यकर्त्याला वर्गणी करून नवी बॅटरी घेऊन दिली, हेही सांगून टाकतो, नाहीतर तो आम्हाला गाठेल.

२०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी लागली तेव्हा हाच आजार घाऊक प्रमाणात दिसला. गाड्या दोन-अडीच महिने जागेवर उभ्या. जुलैत पुन्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवडला दहा दिवसांची कडक टाळेबंदी झाली. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, जीपीएस, संगणक ही मंडळी थोडी थोडी वीज खातच असतात. २० ते ५० मिलिअँपियर हे सामान्य समजतात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपियर-तास, महिन्याला ३६. लहान गाडीची बॅटरीच ३५ ची! कोणी काही वापरले नाही आणि महिन्यात खाते शून्यावर. धंदा उघडला तेव्हा रिक्षावाल्यांना पहिला खर्च बॅटरीचा करावा लागला. गावी जाताना किंवा आजारपणात गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची उणे बाजूची, म्हणजे काळी वायर सोडून ठेवावी. नव्या गाडीत यामुळे रेडिओ-घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढेच. नुसते रोज दोन मिनिटे इंजिन सुरू करून बंद करणे कामाचे नाही. त्यात सेल्फचा खर्च होतो आणि भरणा पुरेसा होत नाही. अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणली तर उपयोग होतो.

अल्टरनेटर चालू असतानाही खाते कमी होऊ शकते. तळेगाव-चाकण चौकात गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी सरकते. इंजिन मंद गतीवर, हेडलाईट चालू, आतला पंखा, मोबाईलचे चार्जर, गाणी. हेडलाईटचे दोन बल्ब मिळून ११० ते १२० वॉट खातात, म्हणजे १० अँपियरच्या जवळपास. मंद गतीवर अल्टरनेटरची कमाई कमी असते, त्यातून एवढा खर्च वजा जाता बॅटरीच्या वाट्याला फारसे उरत नाही. अशा वेळी नको ते बंद ठेवावे.

आता एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. बॅटऱ्या डिसेंबर-जानेवारीतच का मरतात? थंडी बॅटरीचा शत्रू आहे, असा सर्वांचा समज. वास्तविक खून उन्हाळ्यात होतो, प्रेत हिवाळ्यात सापडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या आसपास जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीच्या बाबतीत असा ठोकताळा आहे की, सरासरी तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते. उष्णतेने आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडून जाते. हे आपल्याला दिसत नाही, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि अशक्त बॅटरीचेही निभावून जाते. डिसेंबरच्या पहाटे ऑईल घट्ट झालेले असते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि थंडीत बॅटरीची ताकदही थोडी कमी होते. मग मेमध्ये झालेले नुकसान उघडे पडते. डिझेल गाडीला तर दाब जास्त असल्याने सेल्फला आणखी जोर हवा. म्हणून बॅटरीची तपासणी दिवाळीच्या सुमारास करून घ्यावी, पहाटे फजिती व्हायची वाट पाहू नये. आणि उन्हाळ्यात गाडी झाडाखाली लावायला जागा असेल तर तेवढे पाच पावले जास्त चालावे. कंपनीकडून आलेले बॅटरीभोवतीचे कापडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण मिस्त्री काढून फेकतात, ते फेकू देऊ नये. ते उष्णतेसाठीच असते.

पाण्याचे सोपे आहे. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिच्यात महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाहावे. पाणी पट्ट्यांच्या वर बोटाच्या जाडीइतके हवे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे नाही, बोअरचे तर मुळीच नाही, त्यातील क्षार आणि लोह पट्ट्यांवर बसतात. फ्रिजमधील बर्फाचे पाणी चालते का, असे एका ताईंनी विचारले होते. नाही चालत, तो बर्फही नळाच्याच पाण्याचा. आणि ॲसिड कधीही घालू नये. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. "ग्रॅव्हिटी कमी आली, ॲसिड टाकतो" असे म्हणणाऱ्याला सांगावे की आधी चार्ज कर, मग ग्रॅव्हिटी बघ. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ती सर्वसाधारणपणे १.२५० ते १.२८० येते. सहापैकी एकाच खान्याची फारच कमी आली तर तो खाना गेला, तेथे ॲसिड टाकून काही होत नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार जमतो तो दिसला की काढावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासावे, झाकणे मात्र घट्ट बंद ठेवून. कोरडे पुसून, टर्मिनल घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. वायर सोडताना काळी आधी, लाल नंतर. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. याचे कारण असे की, काळी जोडलेली असताना लाल टर्मिनलवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. आमच्या एका मित्राच्या हातातील लोखंडी कडे असेच तापून मनगटावर गोल डाग ठेवून गेले. कडे, अंगठी, घड्याळ काढून मगच हात घालावा.

फ्यूज उडाला की त्याच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद लावणारे महाभाग आहेत. फ्यूज उडतो तो गाडी वाचविण्यासाठी. त्याला तार लावली की पुढच्या वेळी वायरिंगच उडते, आणि सीएनजीच्या गाडीत मागे माणसे बसलेली असताना हा प्रयोग करण्याची आमची तरी हिंमत नाही. मोठा हॉर्न, जादा दिवे लावायचे तर रिले आणि स्वतंत्र फ्यूज लावून घ्यावेत.

आणखी एक जुना प्रकार. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची, इंजिन बंद पडले नाही तर म्हणायचे "अल्टरनेटर चांगला आहे". जुन्या काळी हे खपून गेले. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि हजारो रुपयांचा संगणक जळू शकतो. मिस्त्री ओळखीचा असला तरी त्याचा हात धरावा. मीटर लावून तेच काम अर्ध्या मिनिटात होते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायचे असेल तर लाल वायर दोन्हीकडे अधिकच्या टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या बॅटरीला नव्हे, तर इंजिनाच्या एखाद्या कोऱ्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ ठिणगी पडली तर बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर उडते. त्यामुळे पाहायला म्हणून काडी पेटवायची नाही, बिडी तर नाहीच. ॲसिड अंगावर उडालेच तर भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेले तर धुवत धुवत दवाखाना गाठावा.

नवी घेताना कार्डवर दुकानाचा शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर आपल्यासमोर लिहून घ्यावा, पक्के बिल घ्यावे. "४८ महिने वॉरंटी" असे फलकावर असते, पण बहुधा पहिले काही महिनेच बदलून मिळते, उरलेल्यात फक्त किमतीत सूट मिळते, तीही महिन्यागणिक कमी होणारी. आमच्या बी. कॉम.च्या भाषेत हा घसारा झाला. प्रवासी वाहतुकीच्या गाडीला मुदत वेगळी असू शकते, म्हणून बारीक अक्षर वाचावे, नाहीतर मुलांकडून वाचून घ्यावे. बॅटरीवरील उत्पादनाचा महिनाही विचारावा, दुकानात वर्षभर पडलेली घेऊ नये. ५,८०० रुपयांची बॅटरी चार वर्षे टिकली तर महिन्याला १२१ रुपये पडतात. दोनच वर्षे टिकली तर २४२. मीटरची किंमत यातून तीन-चार महिन्यांत निघते.

जुन्या बॅटरीबद्दल मात्र आमच्या माता-भगिनींना वेगळे सांगावयाचे आहे. ती दारात, मोरीजवळ किंवा माळ्यावर ठेवू नये, आणि जास्त भाव देतो म्हणून गल्लीतल्या भंगारवाल्यालाही देऊ नये. कुदळवाडीतील भंगाराची गोदामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, पण हातगाडी आमच्या गल्लीत अजून येते. अशा बॅटऱ्या कोठेतरी उघड्यावर फोडल्या जातात, ॲसिड मातीत ओतले जाते आणि शिसे चुलीवर वितळविले जाते. त्याचा धूर आणि धूळ आसपास खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, अभ्यासात मूल मागे पडते, आणि गेलेले परत येत नाही. मुलांच्या रक्तात किती शिसे चालेल, याची सुरक्षित मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याइतके शिसे असल्याचे म्हटले होते, आणि निष्काळजीपणे फोडलेल्या बॅटऱ्या हे त्याचे एक मोठे कारण सांगितले होते.

आपल्या पट्ट्याचा बॅटरीशी जुना संबंध आहे. चिंचवडला १९६९ पासून बॅटरीचा कारखाना आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करावयाच्या रोगांची यादी होती, तीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. कारखान्यात हातमोजे, तपासणी, आंघोळीची सोय असते. भंगारात बॅटरी फोडणाऱ्या पोराला यातले काहीच नसते. घरातील कोणी शिशाच्या कामावर असेल, मग ते कारखान्यात असो की भंगारात, तर कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावेत. हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडू नये आणि लेकराला उचलून घेण्याआधी कपडे बदलावेत. बाकी आपल्या हातात एवढेच की, जुनी बॅटरी बॅटरीच्याच दुकानात द्यावी, बिलात तिची वजावट लिहून घ्यावी. २००१ च्या नियमांपासून जुनी बॅटरी परत घेण्याची व्यवस्था कायद्यात आहे आणि २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी बॅटरी बनविणाऱ्यांवर टाकली आहे. दुकानदार उपकार करीत नाही.

अण्णांनी त्या डिसेंबरात जुनी बॅटरी दुकानात दिली होती, पण बिलात वजावट लिहून घेतली नव्हती. तोंडी हिशेब झाला होता, त्यामुळे तिची किती रक्कम धरली ते आजही कळत नाही. आता वहिनींनी मीटर स्वतःच्या ताब्यात ठेवला आहे. थोरली मुलगी दर रविवारी सकाळी गाडी सुरू होण्यापूर्वी आकडा पाहते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. गेल्या रविवारी १२.६ होता.